कोहळ्यातला रेडा

खंडेनवमीच्या सकाळी बेळगावच्या उद्यमबागेत वेगळीच शांतता असते. एरवी फाउंड्रीची भट्टी, लेथची किरकिर आणि टेम्पोचे हॉर्न यांनी कान किटतात. त्या दिवशी यंत्रं बंद. माझ्या मामांचं तिथं लहानसं वर्कशॉप आहे, चार लेथ आणि एक ड्रिल मशीन. आदल्या दिवशीच ती डिझेलनं पुसून लख्ख केलेली असतात. झेंडूच्या माळा, हळदीकुंकवाची बोटं, पाटावर मांडलेले स्पॅनर आणि व्हर्नियर. पूजा झाली की मामा कोहळा हातात घेतात. देठापाशी चाकूनं चौकोनी खाप काढून आत मूठभर कुंकू आणि पाणी ओततात, वर कापूर पेटवतात, एकेका यंत्रावरून ओवाळतात आणि उंबऱ्याबाहेर नेऊन आपटतात. पांढऱ्या गराचे तुकडे उडतात, मधून लाल पाणी वाहतं.

लहानपणी ते पाणी बघून मी एकदा मागं सरकले होते. मामा म्हणाले, "भ्यायला काय झालं गं? दृष्ट काढली की."

उत्तर बरोबर, पण अर्धं. ते लाल पाणी रक्ताच्या जागी आहे आणि कोहळा एका जनावराच्या जागी. पूजाविधीत याला कूष्मांडबळी म्हणतात. कूष्मांड म्हणजे कोहळा. ज्या जनावराची जागा तो घेतो ते जनावर रेडा, आणि रेडा म्हणजे महिषासुर. एवढ्या पायऱ्या उतरून गेलं की आपण त्या देवीपाशी पोचतो, जिला एका दमात आपण आई म्हणतो आणि जिच्या हातात त्रिशूळ, तलवार, चक्र, गदा बघतो. आई आणि लढणारी, ही दोन रूपं एकाच बाईत कशी नांदतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं सतावत होता. वाचून, जत्रा बघून, आज्जीला विचारून जे कळलं ते सांगते.

आधी कोल्हापूरला जाऊ, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांची पावलं वर्षातून एकदा तरी तिकडं वळतातच. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीला भेटायला जाते. तिथं एका कुमारिकेच्या हातून त्रिशूळानं कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा मिळावा म्हणून लोकांची झुंबड उडते. हा कोहळा म्हणजे कोल्हासुर. कथा अशी की, कोल्हासुराच्या मुलानं देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं होतं. त्र्यंबोलीनं त्यांना सोडवलं, पण विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहून गेलं. ती रुसली आणि शहराकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला गेली आणि कोल्हासुराला कसं मारलं ते तिला करून दाखवलं. म्हणून दरवर्षी कोहळा.

या कथेतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मरताना कोल्हासुरानं मागणं मागितलं की या जागेला माझं नाव राहू दे, आणि देवीनं ते दिलं. ज्याला मारलं त्याच्याच नावाचं गाव. म्हैसूरचंही तसंच, ते महिषाचं गाव. शत्रूचं नाव पुसून टाकायची रीत या देवीकडं दिसत नाही. हे पुढं उपयोगी पडणार आहे.

आता एक गोंधळ दूर करायला हवा. आमच्या भागात गावदेवीचं नाव बहुतेक ठिकाणी लक्ष्मी किंवा महालक्ष्मी. "यंदा आमच्या गावची लक्ष्मी हाय, यायचं बघा," असं कुणी म्हणालं की बेळगाव तालुक्यातल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. जत्रा आहे, आणि ती कुठं पाच-सात, कुठं वीस-पंचवीस वर्षांनी आलेली आहे. पण ही लक्ष्मी म्हणजे कॅलेंडरवरची, कमळात उभी राहून तळहातातून नाणी सोडणारी विष्णुपत्नी नव्हे. महिषासुराला मारणारी जी देवी, तिलाच सप्तशती या देवीच्या पोथीच्या परंपरेत महालक्ष्मी म्हणतात. म्हणून आमच्या लक्ष्मीचे डोळे मोठे, कपाळभर मळवट, आणि तिच्यापुढं पूर्वी रेडा. कोल्हापूरच्या मूर्तीच्या हातातही नाणी नाहीत. गदा आहे, ढाल आहे, पानपात्र आहे आणि चौथ्या हातात महाळुंग. सप्तशतीला जोडून जे प्राधानिक रहस्य वाचतात, त्यात महालक्ष्मीचं वर्णन याच चार वस्तूंनी केलंय. महाळुंग म्हणजे लिंबाच्या जातीचं जाड सालीचं, बियांचं फळ. एका हातात गदा, एका हातात बी.

सप्तशती म्हणजे देवीमाहात्म्य, मार्कंडेय पुराणाचा १३ अध्यायांचा भाग. अभ्यासक त्याचा काळ साधारण पाचवं-सहावं शतक धरतात. ७०० मंत्र म्हणून सप्तशती. नवरात्रात कितीतरी घरांत पाठ होतो, पण गोष्ट कुठून सुरू होते हे पाठ करणाऱ्यांनाही पटकन आठवत नाही, कारण युद्ध इतकं गाजतं की त्याच्या आधीचं विरून जातं. सुरुवातीला देवीही नाही आणि दैत्यही नाही. आहेत ती दोन उद्ध्वस्त माणसं. सुरथ नावाचा राजा, राज्य गेलेला. समाधी नावाचा वैश्य, पैशापायी बायकोमुलांनी घराबाहेर काढलेला. दोघं रानात मेधस ऋषींच्या आश्रमात भेटतात आणि दोघांचा प्रश्न एकच: ज्यांनी आम्हाला हाकललं, त्यांच्याचसाठी जीव का तुटतो? ती सुखात असतील ना, हीच काळजी का लागते?

ऋषी त्यांना पक्षी दाखवतात. बघा म्हणतात, हे पाखरू स्वतः भुकेनं व्याकुळ झालंय, तरी चोचीतला दाणा पिलाच्या चोचीत घालतंय. असं करायला लावणारी जी शक्ती, तीच महामाया.

मला हे फार मोठं वाटतं. रक्ताच्या नद्या वाहणाऱ्या या ग्रंथानं देवीची पहिली ओळख करून दिली ती घास भरवणाऱ्या चोचीतून. तलवार नंतर आली.

मग येतो महिषासुर. त्यानं देवांना हरवून इंद्र, सूर्य, अग्नी, वायू, चंद्र, यम, वरुण अशा सगळ्यांचे अधिकार स्वतःकडं घेतले. देव भटकत ब्रह्मदेवाला पुढं घालून विष्णू आणि शंकराकडं गेले. ऐकून दोघांचा राग पेटला, त्यांच्या तोंडातून तेज बाहेर पडलं, मग बाकी देवांच्याही अंगातून. ते सगळं तेज एकत्र येऊन त्याची एक स्त्री झाली. शंकराच्या तेजाचा चेहरा, यमाच्या तेजाचे केस, विष्णूच्या तेजाचे हात. मग प्रत्येकानं आपल्या शस्त्रातून शस्त्र काढून दिलं: शंकरानं त्रिशूळ, विष्णूनं चक्र, वरुणानं शंख आणि पाश, अग्नीनं शक्ती, वायूनं धनुष्य आणि बाणांचे भाते, इंद्रानं वज्र आणि ऐरावताची घंटा, हिमालयानं सिंह.

इथं बरेच जण म्हणतात की देवांनी देवीला तयार केलं. तसं ग्रंथ म्हणत नाही. ती नित्य आहे, हे जगच तिची मूर्ती आहे, देवांच्या कामासाठी ती प्रकट होते तेव्हा लोक ती जन्मली असं म्हणतात, असं पहिल्याच अध्यायात सांगितलंय. मी हे आमच्या जत्रेवरून समजून घेते. लक्ष्मीची जत्रा ठरली की घरामागं वर्गणी गोळा होते. कुणी पैसे देतं, कुणी तांदूळ, सुतार रथाचं काम करतो, कुणाचं पूर्वापार मान-हक्काचं काम असतं. सगळ्यांनी दिलं म्हणून देवी गावाची होते, पण वर्गणीतून देवी निर्माण होत नाही. ती गदगेवर, म्हणजे जत्रेतल्या तिच्या बैठकीवर, येऊन बसते एवढंच. देवांनी शस्त्रं दिली ती या अर्थानं. सगळ्यांनी आपापली ताकद एका ठिकाणी आणून ठेवली, आणि ती आईच्या हातात ठेवली.

महिषासुराला पुरुषाच्या हातून मरण नाही असा वर मिळाला होता, म्हणून बाई पाठवली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ही गोष्ट दुसऱ्या पुराणांतली. सप्तशतीत तो वर नाही. तिथं देवी कुठल्या पळवाटेचा उपाय म्हणून येत नाही. ती आली कारण तिच्याइतकं बळ दुसऱ्या कुणाकडं नव्हतं.

लढाईचं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. रेडा खुरांनी जमीन उकरतोय, शिंगांनी डोंगर फेकतोय, शेपटीच्या फटक्यानं समुद्र उसळतोय. देवी पाश टाकते तर तो रेड्याचा सिंह होतो. सिंहाचं मुंडकं उडवायला जावं तर तलवारवाला माणूस. माणसाचा हत्ती. हत्तीचा परत रेडा. मग देवी थांबते, पेला उचलते, मध पिते, डोळे लाल होतात, ती हसते आणि म्हणते, "गर्ज गर्ज क्षणं मूढ मधु यावत्पिबाम्यहम्." गरज मूर्खा, मी मध पिईपर्यंत क्षणभर गरजून घे. अंबाबाईच्या हातातलं पानपात्र बघताना मला हीच ओळ आठवते. मग ती उडी घेऊन त्याच्यावर चढते, पायानं मान दाबते, त्रिशूळ खुपसते. त्याच्या तोंडातून खरा असुर अर्धा बाहेर येतो, तेवढ्यात ती तलवारीनं त्याचं डोकं उडवते.

शिल्पकारांनी हा क्षण वेगवेगळ्या टप्प्यांवर पकडलाय. जुन्या मूर्तींत तो पूर्ण रेडा असतो, पुढं कुठं रेड्याच्या डोक्याचा माणूस, आणखी पुढं कापलेल्या रेड्याच्या मानेतून बाहेर पडणारा माणूस. बेळगावहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत बदामी-ऐहोळेला पोचता येतं. बदामीच्या पहिल्या लेण्यात ती आहे, ऐहोळेच्या दुर्ग देवळाच्या प्रदक्षिणामार्गातही. तिथला गाईड न चुकता सांगतो की या देवळाचं नाव देवीवरून नाही, किल्ल्यावरून, म्हणजे दुर्गावरून पडलंय. तरी दुर्ग आणि दुर्गा यांचं मूळ एकच: जिथं पोचणं अवघड ते. बेळगावच्या किल्ल्याच्या तोंडाशी गणपती आणि दुर्गा, दोघांची देवळं आहेत. इ. स. १२०४ च्या सुमारास रट्ट राजांचा अधिकारी बिचिराज यानं हा किल्ला उभारला. शत्रूनं आधी तिच्यासमोरून जायचं, अशी ती जागा. नवरात्रात पहाटे आमची पोरं पांढरे कपडे, फेटे घालून अनवाणी दुर्गामाता दौडीत पळतात, बायका दारात रांगोळ्या काढून ध्वजाला ओवाळतात. लढणारी देवी आमच्याकडं पोथीत बंद नाही.

पण पोथीतली आणि गावातली, यांत फरक आहे, आणि तो समजल्याशिवाय रेडा समजत नाही.

गावदेवीचं काम शीव राखणं. जत्रेआधी गावात वार पाळतात. ठरलेल्या मंगळवारी किंवा शुक्रवारी शेतात औत जात नाही, गिरण बंद. मग देवीचं लग्न लागतं, अक्षता पडतात, रथ गावभर फिरतो, भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात, माहेरवाशिणी ओट्या घेऊन रांगेत उभ्या असतात. आणि शेवटी देवी शिवेवर जाते. काही गावांत तिचा मांडवही मागं पेटवून देतात. शेवटच्या रात्री हलगीच्या ठेक्यात ती शिवेकडं निघते तेव्हा मघापर्यंत हसत असलेल्या बायका डोळ्याला पदर लावतात. मी माझ्या आजोळच्या जत्रेत हे बघितलंय. माझा हात आज्जीनं इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वण उठला.

शिवेवर का? कारण संकट शिवेवरून येतं. पटकी, प्लेग, जनावरांचे रोग. मराठीनं तर एका रोगाचं नावच देवी ठेवलं. पोराला ताप आणि अंगावर फोड आले की "देवी आल्या" म्हणायचे, लस घ्यायला "देवी टोचणं". भारतात त्या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रोग संपल्याचं जाहीर केलं, तरी शब्द राहिला. रोगही तीच, आणि रोगाला शिवेबाहेर घालवणारीही तीच. ज्या आयांनी पाच पोरांतली तीन गमावली त्यांनी ही देवी पूजली. जिच्या रागाची भीती वाटते तिलाच आई म्हणून जवळ करायचं, ही त्यांची समजूत होती, आणि त्यांच्या दुःखाच्या मापानं ती खरी होती.

अशा देवी-आया एकट्यादुकट्या नसत, घोळक्यानं असत. सप्तशतीच्या शेवटच्या भागात त्याच सप्तमातृका होऊन लढायला उतरतात: ब्रह्माणी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, नारसिंही, ऐंद्री. आमच्या मातीतले राजेही त्यांचं नाव घेत. खानापूर तालुक्यातलं हलशी ज्यांचं ठाणं होतं ते कदंब आपल्या ताम्रपटांत मातृगणाचं स्मरण करतात, आणि बदामीचे चालुक्य तर सरळ म्हणतात की आम्हाला सात मातृकांनी वाढवलं. तलवारीच्या जोरावर राज्य करणारे राजे आपली ओळख आयांनी वाढवलेले अशी करून देत होते. युद्धात शुंभ नावाचा दैत्य टोमणा मारतो की तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस. तेव्हा देवी म्हणते, "एकैवाहं जगत्यत्र द्वितीया का ममापरा." या जगात मी एकटीच आहे, दुसरी आहेच कोण? आणि सगळ्या मातृका तिच्या अंगात विरतात. गावोगावच्या लक्ष्म्या, दुर्गव्वा, द्यामव्वा, मरीआया एकच आहेत असं आज्जी म्हणायची, तिला हा श्लोक माहीत नव्हता.

आता रेड्याची गावातली गोष्ट. ती दख्खनभर सांगतात, आमच्याकडंही. एका तरुणानं जात लपवून ब्राह्मणाच्या मुलीशी लग्न केलं. संसार झाला, मुलं झाली. एक दिवस सासू जेवता जेवता काहीतरी बोलून गेली आणि सगळं उघड झालं. मुलगी पेटून उठली, घराला आग लावली. नवरा रेड्याच्या रूपात पळाला. तीच गावदेवी झाली, आणि दर जत्रेत तो रेडा मारला जाऊ लागला. जत्रेतलं लग्न, पेटवलेला मांडव, बळी, सगळे धागे या गोष्टीत जुळतात.

ही गोष्ट मला आवडत नाही, आणि ते मी स्पष्ट लिहिते. फसवल्या गेलेल्या बाईचा संताप मला समजतो. पण गोष्ट रेड्याला मारते ती फसवणुकीसाठी कमी आणि जातीसाठी जास्त. पोथीतल्या असुराच्या जागी गावानं खालच्या मानलेल्या जातीचा माणूस उभा केला आणि दर जत्रेला त्याला पुन्हा मारलं. म्हैसूरमध्ये काही लोक महिषाला आपला राजा मानून महिष दसरा करतात, त्यामागची वेदना या गोष्टीतून कळते. १९५९ च्या कायद्यानं कर्नाटकात देवळात आणि देवळाच्या आवारात पशुबळीला बंदी आहे. रेड्याच्या जागी कोहळा आला हे चांगलंच झालं. गोष्टही बदलायला हवी.

सौंदत्तीच्या यल्लम्माबद्दलही बोललंच पाहिजे. ती याच जिल्ह्यातली, आणि मराठी-कन्नड दोघांची. डोंगरावर एकजण "उदं गं आई उदं" म्हणतो, शेजारचा "उधो उधो" म्हणतो, भंडारा एकच. यल्लम्मा म्हणजे एल्लर अम्मा, सगळ्यांची आई, असं कन्नड लोक सांगतात. ती रेणुका, तिची कथा युद्धाची नाही, तिच्यावर झालेल्या अन्यायाची आहे. नदीवर गंधर्वाचा जलविहार बघून क्षणभर मन विचलित झालं एवढ्यासाठी जमदग्नीनं मुलांना तिचं डोकं उडवायला सांगितलं, परशुरामानं ते केलं आणि मग वर मागून तिला परत उठवलं. ज्या बाईला घरातच मारलं तिला लोकांनी सगळ्यांची आई केली. आणि मग तिच्याच नावानं गरिबाघरच्या लहान पोरी सोडल्या. माझ्या लहानपणी मंगळवारी एक म्हातारी जोगतीण परडी घेऊन आमच्या दारी जोगवा मागायला यायची. आज्जी तिला सुपातून पीठ घालायची आणि पाटावर बसवून चहा द्यायची. ती सात वर्षांची असताना तिला देवीला सोडलं होतं, हे आज्जीनं मला मी मोठी झाल्यावर सांगितलं. १९८२ मध्ये कर्नाटकात देवदासी म्हणून मुली सोडण्यावर बंदीचा कायदा झाला. आईच्या हातातलं शस्त्र कुणासाठी असतं, असं मला कुणी विचारलं तर मी त्या सात वर्षांच्या पोरीचं नाव घेईन.

परत मूळ प्रश्नाकडं येते. मारणारी आणि आई.

महिषासुर मेल्यावर चौथ्या अध्यायात देव तिची स्तुती करतात. त्यात ते एक अवघड गोष्ट विचारतात: तू नुसत्या नजरेनं या दैत्यांना भस्म करू शकली असतीस, मग शस्त्रं का चालवलीस? आणि उत्तरही तेच देतात. तुझ्या शस्त्रानं पावन होऊन शत्रूंनाही चांगली गती मिळावी, हीच तुझी इच्छा होती. पुढं त्याच स्तुतीत म्हटलंय, "चित्ते कृपा समरनिष्ठुरता च दृष्टा." मनात दया आणि लढाईत निष्ठुरता, ही दोन्ही तिन्ही लोकांत फक्त तुझ्यातच दिसली. म्हणजे आई थोडी आणि वीर थोडी अशी वाटणी नाही. निष्ठुर हात चालतो तोही दया असलेल्या मनातूनच. तापानं फणफणलेल्या पोराचे हात धरून, ते लाथा मारत असताना कडू काढा घशात ओतणारी बाई ज्यांनी बघितलीय, त्यांना हा श्लोक वेगळा समजावावा लागत नाही.

म्हणून महिष तिच्या पायाखालून कधी जात नाही. देवळात तिच्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लागतं. सप्तशतीला जोडलेल्या वैकृतिक रहस्यात तर स्पष्ट विधी आहे की देवीच्या पुढं डाव्या बाजूला शिर तुटलेल्या महिषाची पूजा करावी, कारण तो देवीशी एकरूप झाला. कोल्हासुराचं नाव गावाला राहिलं ते याच रीतीनं.

आणि आता मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. दुर्गा हे नाव तिला कसं पडलं? आपल्याला वाटतं रेड्याला मारलं म्हणून. अकराव्या अध्यायात देवी पुढच्या अवतारांची वचनं देते. त्यातलं एक असं: शंभर वर्षं पाऊस पडणार नाही, पाणी संपेल, ऋषी माझा धावा करतील. तेव्हा मी प्रकट होईन आणि शंभर डोळ्यांनी त्यांच्याकडं बघेन. पाऊस येईपर्यंत मी माझ्याच अंगातून उगवलेल्या भाजीपाल्यावर सगळ्या जगाला जगवीन, म्हणून मला शाकंभरी म्हणतील. आणि त्याच अवतारात दुर्गम नावाच्या असुराला मारीन, म्हणून माझं नाव दुर्गादेवी होईल.

सगळ्यांत प्रसिद्ध, सगळ्यांत लढाऊ नाव तिला ग्रंथ देतो ते ती दुष्काळात भाजी होऊन लोकांच्या पोटात जाते त्या जन्मात. बदामीजवळची बनशंकरी हीच शाकंभरी. पौष पौर्णिमेला तिची जत्रा भरते, आणि भाज्यांचाच नैवेद्य असतो. सिंहावर बसलेली, हातात शस्त्रं घेतलेली, आणि समोर ताटात वांगी, गवार, भोपळा, पालेभाज्या. उत्तर कर्नाटकातल्या कोरड्या रानात दुष्काळ काय असतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी तिला जपलं.

हे वाचल्यापासून घरातला घट मला वेगळा दिसतो. देवी लढतेय, नऊ रात्री युद्ध चाललंय, आणि आपण घरात काय मांडतो? शस्त्र नाही. परडीत मळ्यातली माती, त्यात गहू, जोंधळा, मूग, हरभरा, जे घरात असेल ते धान्य, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, वर रोज एक माळ, शेजारी अखंड दिवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला भेगा पडतात आणि पांढरे कोंब दिसतात. देव्हाऱ्याच्या अंधारात वाढल्यामुळं ते पिवळसर, नाजूक असतात, दसऱ्यापर्यंत वीतभर होतात. किती उगवलं यावरून आज्जी पुढच्या हंगामाचा अंदाज बांधायची. शस्त्रं बाहेर येतात ती नवमीला, आणि तेव्हाही आमच्याकडं ती स्पॅनर, विळा, कात्री, यंत्रमागाचा धोटा अशीच असतात, ज्यांच्यावर घर चालतं ती.

दसऱ्याला संध्याकाळी शिलंगणाला माणसं गावाच्या शिवेकडं जातात. परत येताना आपट्याची पानं, आमच्या शेजारच्या कन्नड घरात शमीची, म्हणजे बन्नीची. ते म्हणतात, "बन्नी तगोंडू बंगारदंग इरोण." आपण म्हणतो, "सोनं घ्या, सोन्यासारखं रहा." निघण्याआधी आज्जी घट हलवायची, कोंब मुळासकट उपटायची आणि एकेकाला पुढं बोलवायची. पुरुषांच्या टोपीत, आमच्या वेण्यांत ते खोवायची. मामांसाठी एक जुडी वेगळी ठेवायची. मामा ती दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला न्यायचे, आणि पहिला लेथ सुरू करण्याआधी सुकत चाललेल्या झेंडूच्या माळेत ते चार पिवळे कोंब अडकवायचे. दारात कोहळ्याचा लाल डाग तोवर तसाच असायचा.